बिनदलालीचा बाजार आणि त्यातील दलाल



गेल्या वर्षी मला एका तरुण अनुवादिकेचे पत्र आले. ती इंदूरला राहते. घरची भाषा मराठी, शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, आणि इंग्रजी चांगले. आंतरजालावरून काम मिळवून देणाऱ्या एका मंचावर तिने आपले नाव नोंदविले होते. पाच महिन्यांत तिने साठाहून अधिक कामांसाठी अर्ज केले. त्यांपैकी एकाचेही उत्तर आले नाही. अशा वेळी त्याच मंचावरील एका एजन्सीने तिला आपल्यात सामील होण्याविषयी विचारले. काम आम्ही आणू, तुम्ही केवळ अनुवाद करावा, येणाऱ्या पैशांतील काही हिस्सा आमचा, असा तो प्रस्ताव होता. पत्राच्या शेवटी तिने विचारले होते, "ताई, जाऊ का?"

प्रश्न दोन शब्दांचा होता, पण उत्तर लिहावयास मला तीन आठवडे लागले. त्या उत्तरात जे मावले नाही ते आज आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे.

हे मंच म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९९९ मध्ये इलान्स नावाची अशी एक बाजारपेठ आंतरजालावर उघडली. २००३ मध्ये ओडेस्क ही दुसरी संस्था निघाली. ती काढणारे दोघे ग्रीक मित्र होते, एक अमेरिकेत आणि दुसरा अथेन्समध्ये. एवढ्या अंतरावरूनही आपल्याला एकत्र काम करता यावे, ही त्यांची मूळ गरज. डिसेंबर २०१३ मध्ये या दोन संस्थांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली आणि २०१५ मध्ये एकत्रित संस्थेला अपवर्क हे नाव मिळाले. सिडनीची फ्रीलान्सर, इस्राएलमध्ये २०१० साली सुरू झालेली फायव्हर, अशी आणखीही नावे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात श्रमाचा व्यवहार करणाऱ्या सर्व प्रकारच्या मंचांची गणना आहे: २०१० साली ते १४२ होते, २०२० साली ७७७ हून अधिक झाले. त्यांत टॅक्सीचे आणि घरपोच जेवणाचे मंचही आले. त्यांच्याविषयी आपण वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचतो, कारण ती माणसे आपल्या दाराशी येतात. घरात, टेबलापाशी बसून परदेशातील अनोळखी माणसासाठी अनुवाद, हिशेब, चित्रे किंवा संगणकाच्या आज्ञावल्या तयार करणारा माणूस कोणाच्याच दाराशी जात नाही. म्हणून तो दिसत नाही. वस्तुतः इंग्रजीतून चालणाऱ्या या व्यवहारातील जगभरच्या कामकऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशातले आहेत, असे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांना २०१७ साली आढळले होते.

या मंचांनी आरंभी जे आश्वासन दिले ते फार मोहक होते. काम देणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये कोणी नसेल. सांगली असो की सिलहट, ज्याच्या अंगी कसब आहे त्याला न्यूयॉर्कमधील ग्राहक थेट भेटेल. आपल्याकडे बाजार म्हटला की अडत्या आलाच, आणि अडत्याविषयी शेतकऱ्याच्या मनात काय असते हे मी सांगावयास नको. तेव्हा अडत्यावाचून बाजार ही कल्पना ज्यांनी प्रथम ऐकली त्यांना ती जवळजवळ क्रांतीसारखी वाटली असल्यास नवल नाही. मलाही वाटली होती.

मंच स्वतः मात्र फुकट बसलेला नव्हता. अपवर्कचेच उदाहरण घेऊ. २०१६ पासून तेथे एका ग्राहकाकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरांवर २० टक्के, त्यापुढे १०,००० डॉलरांपर्यंत १० टक्के आणि त्याहून अधिक मिळकतीवर ५ टक्के अशी कपात होती. २०२३ मध्ये ती सरसकट १० टक्के झाली. मे २०२५ पासून नव्या करारांसाठी शून्य ते १५ टक्के असा बदलता दर आला. शिवाय अर्ज करण्यासाठी जी टोकने लागतात त्यांची किंमत २०१९ पासून प्रत्येकी १५ सेंट आकारली जाऊ लागली. एका अर्जाला अशी अनेक टोकने लागतात. काम मागण्यासाठीच पैसे मोजावयाचे, ही गोष्ट आपल्या पिढीतील अनेकांना चमत्कारिक वाटते. तासाच्या हिशेबाने काम असेल तर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात केव्हातरी पडद्याचे चित्र घेतले जाते, आणि कळफलकावर किती आघात झाले तेही नोंदले जाते. याच्या बदल्यात पैसे बुडण्याची भीती पुष्कळ कमी होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीत परदेशी ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर आपण करू तरी काय शकत होतो?

आता त्या इंदूरच्या मुलीला पाच महिन्यांत एकही काम का मिळाले नाही, याकडे वळू. तिला अनुवाद येत नव्हता म्हणून नव्हे. तिने पाठविलेले नमुने मी वाचले आहेत. तिच्या नावापुढे एकही तारा नव्हता, हे खरे कारण. या बाजारात ग्राहक माणूस पाहत नाही, त्याची भाषा त्याला बहुधा वाचताही येत नाही. आधीच्या ग्राहकांनी दिलेले गुण तो पाहतो. ज्याला काम मिळाले त्याला गुण मिळतात, आणि ज्याला गुण मिळाले त्यालाच काम मिळते. विहिरीत उतरावयास दोर हवा, आणि दोर मात्र विहिरीच्या तळाशी.

ही अडचण केवळ आपल्या समजुतीची नाही, हे दाखविणारा एक सुरेख प्रयोग झालेला आहे. अमांडा पॅले या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी ओडेस्कवर माहिती टंकलिखित करण्याच्या कामासाठी अर्ज मागविले आणि आलेल्या अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ९५२ जणांना काम दिले. बाकीच्यांना दिले नाही. काम संपल्यावर काहींना त्रोटक शेरा दिला, तर काहींना सविस्तर. मग पुढच्या काळात या सर्वांचे काय झाले याचा माग घेतला. ज्यांना काम मिळाले होते त्यांत आणि न मिळालेल्यांत कसबाचा काही फरक नव्हता, कारण निवडच दैवाने झाली होती. तरीही ज्या नवख्यांना ते पहिले छोटेसे काम मिळाले, त्यांना पुढे अधिक कामे मिळाली आणि मोबदलाही अधिक मिळाला. हा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विचार मला असा वाटतो की, नवख्याला पहिली संधी देण्याचा खर्च एक ग्राहक सोसतो, पण त्यातून जे ज्ञान उत्पन्न होते त्याचा लाभ पुढचे सगळे ग्राहक उठवितात. म्हणून पहिली संधी देण्यास कोणीच पुढे येत नाही.

याच जागी एजन्सी उभी राहते. स्टॅंटन आणि टॉमस या दोघा अभ्यासकांनी ओडेस्कवरील एजन्सींचा अभ्यास करून २०१६ साली तो प्रसिद्ध केला. ज्या बाजारात सर्वांना थेट व्यवहार करता येतो तेथे मध्यस्थ निर्माणच का व्हावा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना आढळले ते असे: एजन्सीशी जोडलेल्या नवख्याला एकट्या नवख्यापेक्षा पहिले काम मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते आणि आरंभीचा दरही जास्त असतो. एजन्सीच्या नावाला आधीच गुण असतात. या माणसाला आम्ही पारखून घेतले आहे, अशी ती एक प्रकारची हमी असते. मात्र चांगल्या एकट्या कामकऱ्याला स्वतःचे गुण मिळू लागले की हा फरक कमी होत जातो. हे शेवटचे वाक्य आपण लक्षात ठेवावे अशी माझी विनंती आहे, कारण एजन्सीत जावे की न जावे याहूनही तेथून केव्हा निघावे, हा प्रश्न त्यातच आहे.

म्हणजे मध्यस्थ बाहेरून घुसला नाही. बाजाराच्या गरजेतूनच तो उगवला. किंबहुना ओडेस्क ही संस्था आरंभी माणसे पुरविणारी कंपनी म्हणूनच निघाली होती आणि पुढे तिचा खुला बाजार झाला. त्या बाजाराच्या आत पुन्हा माणसे पुरविणारे तयार झाले, यात गंमत आहे खरी.

एजन्सी काढणारा बहुधा पूर्वाश्रमीचा एकटा कामकरीच असतो. त्याच्याकडे दोन हातांना झेपेल त्याहून अधिक काम येऊ लागते, तो मित्रांना वाटून देतो, आणि एके दिवशी मंचावर एजन्सी म्हणून नोंद करतो. अपवर्कवर अशा एजन्सीचा एक मालक असतो, ग्राहकांशी बोलणी करणारे व्यवस्थापक असतात, आणि प्रत्यक्ष काम करणारे सभासद असतात. सभासद दोन प्रकारचे. एक केवळ एजन्सीमार्फतच काम करणारे. त्यांना त्या मंचावर स्वतःच्या नावे काम घेता येत नाही. दुसरे दोन्हीकडे मोकळे असलेले. ग्राहकाचे पैसे एजन्सीच्या खात्यात जमा होतात. तेथून सभासदाला किती द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे, हे मालक आणि सभासद आपसांत ठरवितात. मंच त्यात पडत नाही. वर मी म्हटले की मंचामुळे पैसे बुडण्याची भीती कमी होते. ती हमी एजन्सीच्या दारापर्यंत येते आणि तेथेच थांबते. एजन्सीपासून आपल्या बँकेपर्यंतचा जो शेवटचा मैल आहे तेथे आपल्यापाशी फक्त त्या माणसाचा शब्द असतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, ग्राहकाने १०० डॉलर दिले आणि मंचाची कपात १० टक्के आहे. एजन्सीला ९० मिळाले. तिने ३० टक्के ठेवून घेतले तर अनुवादिकेच्या हाती ६३ येतात. या ३० टक्क्यांत ग्राहक शोधणे, टोकनांचा खर्च, रात्री दोन वाजता अमेरिकेतील माणसाशी बोलणे, दुसऱ्याकडून मजकूर तपासून घेणे, चूक झाल्यास निस्तरणे, हे सगळे येत असेल तर मला ती रक्कम अवाजवी वाटत नाही. ग्राहकाने १०० दिले हेच मुळी अनुवादिकेला ठाऊक नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी होते. मग एजन्सी ३० टक्के घेते की ६० टक्के, हे तिला कधीच समजणार नाही, आणि दर वाढवून मागावयास तिच्यापाशी आधारच उरणार नाही.

दर माहीत असणे आणि नसणे, यावरून मला मुंबईच्या गिरण्यांमधील जॉबर आठवतो. जॉबर हा मुकादम. माणसे तो आणी, कामावर तो लावी, काढून टाकणेही त्याच्याच हाती, आणि नोकरी मिळवून देण्याबद्दल दस्तुरी घेई. बायकांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली आणि १९३१ च्या अहवालात भरती व बडतर्फीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, त्यासाठी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. पण जॉबर केवळ लुटारू होता असे समजणे चुकीचे होईल. कोकणातून अथवा घाटावरून आलेल्या अनोळखी माणसाला खोली, उसने पैसे आणि पहिली पाळी त्याच्यामुळेच मिळे. त्याची सत्ता याच उपकारातून उभी राहिलेली होती. ऊसतोडणीचा मुकादमही निदान हंगामापूर्वी उचल देतो. आंतरजालावरील एजन्सी उचलही देत नाही. हा विनोद सोडून देऊ, कारण उचलीचे दुसरे नाव कर्ज आहे.

यापुढे मला माझ्याविषयी थोडे बोलावे लागेल. एम.ए. झाल्यावर काही वर्षे मी प्रकाशकांसाठी अनुवाद करीत होते, आणि पुढे आंतरजालावरील काम पत्करले. पहिले काम मिळेना, तेव्हा मीही एका एजन्सीत गेले. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. चालविणारे गृहस्थ सौजन्यशील होते. पहिल्या वर्षी त्यांनी मला जे शिकविले ते कोणत्याही वर्गात शिकता आले नसते: औषधांच्या वेष्टनावरील मजकूर कसा लिहावा, पडद्यावरील सूचना किती अक्षरांत बसवावी, ग्राहकाला शंका कशी विचारावी. पैसे महिन्याच्या महिन्याला येत. मी समाधानी होते.

एक गोष्ट मात्र मी विचारलीच नाही. माझे काम मंचावर माझ्या नावाने नोंदले जात नव्हते. ते गृहस्थ स्वतःच्या व्यक्तिगत खात्यावर काम घेत आणि आम्हां चौघींना वाटून देत. ग्राहकाला वाटे की सर्व अनुवाद तेच करतात. एक माणूस, एक खाते, हा अशा मंचांचा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे हा प्रकार नियमाविरुद्धच होता. मला त्या वेळी हे कळत नव्हते, किंवा कळून घ्यावयाचे नव्हते. तीन वर्षे मी असे काम केले. पुढे आमच्यातील एकीच्या हातून घाईत मोठी चूक झाली, ग्राहकाने तक्रार केली, आणि काही दिवसांतच ते खाते बंद पडले. त्यात अडकलेले माझे दोन महिन्यांचे पैसे मला मिळाले नाहीत. त्या गृहस्थांनाही ते मिळाले नसावेत. त्यांच्यावर माझा राग नाही. पैशांचे दुःख सहा महिन्यांत ओसरले. पण मी जेव्हा स्वतःच्या नावाने मंचावर गेले तेव्हा माझ्या पानावर काय होते? काहीच नाही. तीन वर्षांच्या कामाची एक ओळ नाही. मी पुन्हा त्या नवख्या मुलीच्या जागी उभी होते, आणि माझे वय मात्र तीन वर्षांनी वाढलेले होते.

म्हणून एजन्सीत जाताना पहिला प्रश्न दराचा विचारू नये, असे मी सांगत असते. पहिला प्रश्न असा: काम माझ्या प्रोफाइलवर, माझ्या नावाने नोंदले जाईल का? रीतसर सभासद म्हणून घेत असतील तर एजन्सी सोडल्यावरही आपल्या कामाची साक्ष आपल्यापाशी उरते. दुसऱ्याच्या खात्याआडून काम करावयास सांगत असतील तर दर कितीही चांगला असो, जाऊ नये. काहीजण तर आपलेच खाते वापरावयास मागतात आणि त्याचे भाडे देऊ करतात. त्याविषयी काय सांगावे! आपल्या नावावर दुसरा कोणी काय करीत आहे हे आपल्याला कळणार नाही, आणि जबाबदारी मात्र आपलीच राहील.

लेखी कराराची गोष्ट निघाली की आपल्या व्यवसायातील माणसे संकोचतात. ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागावा? पण कागद नसेल तरी कायदा असतोच, आणि तो पुष्कळदा आपल्या बाजूचा असतो. काही एजन्सी करारात अशी अट घालतात की, सोडून गेल्यावर दोन वर्षे या क्षेत्रात कोणाचेही काम करावयाचे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार कायदेशीर धंदा करण्यापासून माणसाला रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. विकलेल्या व्यवसायाच्या नावलौकिकापुरता अपवाद आहे. काम चालू असतानाची बंधने वेगळी. कल्याणजवळच्या एका कारखान्यातील तंत्रज्ञाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सेवाकाळापुरते बंधन योग्य ठरविले होते. म्हणजे एजन्सीत असेतो तिचा ग्राहक पळवू नये, हे नीतीला आणि कायद्याला धरून आहे; सोडल्यावर अनुवादच करू नये, हे म्हणणे टिकणारे नाही. मंचाचे स्वतःचे बंधन याहून निराळे असते. अपवर्कवर भेटलेल्या ग्राहकाशी दोन वर्षे मंचाबाहेर व्यवहार करावयाचा नाही, केल्यास वेगळे शुल्क भरावे लागते. ते आपण नोंदणीच्या वेळी मान्य केलेले असते, वाचले असो वा नसो.

अनुवादकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अनुवादाचा पहिला हक्कदार सामान्यतः अनुवादकच असतो, तो कोणाच्या नोकरीत नसेल तर. हा हक्क दुसऱ्याकडे जावयाचा तर सही असलेला लेख लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क विकल्यावरही, हे काम माझे आहे असे म्हणण्याचा अधिकार कलम ५७ ने कर्त्याकडे ठेवलेला आहे. परदेशी ग्राहकाशी होणारे करार बहुधा परदेशी कायद्याखाली असतात आणि तेथे पैसे देताच हक्क ग्राहकाकडे जावा अशी सर्वसाधारण अट असते. परंतु एजन्सी आपल्याच देशातील असेल तर तिच्या आणि आपल्यामधील कागदावर आपल्या कायद्याची छाया पडते. पैसे थकविले गेल्यास २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा आहे. उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावयाचे, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी राज्याची सुविधा परिषद. घरी बसून अनुवाद करणारी बाई आपण 'उपक्रम' आहोत असे कधी समजत नाही. तिने समजावे.

कामगार म्हणून संरक्षणाचा प्रश्न याहून बिकट आहे. काम मिळवून देण्याबद्दल कामकऱ्याकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या खाजगी रोजगार संस्थांविषयीच्या करारात म्हटले आहे. एजन्सी म्हणते, मी रोजगार देत नाही, आम्ही सगळे सहव्यावसायिक आहोत. मग ते तत्त्व कोठे लावणार? आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार आणि मंच कामगार यांची व्याख्या केली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. मंच चालविणाऱ्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणासाठी द्यावी, ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. व्यावसायिक सेवा पुरविणारे मंचही तिच्या परिशिष्टात आहेत. पण मंच परदेशात, एजन्सी मध्ये, आणि अनुवादिका इंदूरला. या साखळीत कल्याणनिधीचा पैसा कोठून आणि कोणाच्या नावाने जमा होणार, हे ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोटारसायकलवरचा मुलगाच अधिक होता, असे मला वाटते.

याबाबतीत आपल्याकडचा एक जुना अनुभव उपयोगी पडावा. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने ज्यांना कायमचा मालक नाही अशा हमालांसाठी मंडळे स्थापन केली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची, मंडळाने ती कामगाराला द्यावयाची, भविष्यनिर्वाह निधी आदींची व्यवस्था लेव्हीतून करावयाची. हमालांच्या टोळ्या राहिल्या, टोळीचा मुकादमही राहिला, पण पैशांच्या वाटेतून त्याला बाजूला करण्यात आले. त्या मंडळांच्या कारभारात पुढे दोष शिरले, त्यांची चर्चा येथे नको. मला त्यातली एकच युक्ती महत्त्वाची वाटते: मध्यस्थाचे काम राहू द्या, मोबदल्याची वाट मात्र उघडी ठेवा. जे मंच दर दहा मिनिटांचे पडद्याचे चित्र साठवून ठेवू शकतात, त्यांना एजन्सीच्या सभासदाचा हिस्सा थेट त्याच्या खात्यात पाठविणे तंत्रदृष्ट्या अवघड असेल, हे मी मानावयास तयार नाही.

यंत्राने केलेल्या अनुवादाचा उल्लेख केल्यावाचून आज या विषयावर बोलता येत नाही. २०१६ नंतर यंत्रांचा अनुवाद एकाएकी सुधारला आणि पुष्कळ एजन्सी अनुवादाऐवजी यंत्राचा मजकूर दुरुस्त करण्याचे काम देऊ लागल्या, अर्थातच कमी दराने. मराठीत हे काम कधी कधी मुळापासून लिहिण्यापेक्षा जास्त वेळ खाते. 'करण्यात येत आहे' ने संपणारी चाळीस वाक्ये माणसाच्या तोंडची करावयाची म्हणजे काय ते आपण जाणता. येथेही एकटीपेक्षा एजन्सीतील सभासदाची स्थिती नाजूक असते, कारण ग्राहकाला काय सांगून काम घेतले आहे, हे तिला कळत नाही.

इंदूरच्या मुलीला मी अखेर जे लिहिले ते असे. जा, पण मोकळी सभासद म्हणून. स्वतःच्या नावाने काम घेण्याची वाट बंद करू नकोस. तुझ्या प्रोफाइलवर काम नोंदले जाईल, हे लेखी घे. ग्राहक काय देतो ते विचार. सांगितले नाही तर तेही एक उत्तरच समज. पैसे किती दिवसांत मिळतील तो आकडा लिहून घे. आणि दहा चांगले शेरे जमले की पुन्हा बसून हिशेब कर.

तिने ते सर्व विचारले. त्या एजन्सीने ग्राहकाचा दर सांगण्यास नकार दिला. तिने दुसरी शोधली; तेथील बाईंनी दर सांगितला आणि २५ टक्के आमचे, असे स्पष्ट म्हटले. आठ महिने तिने तेथे काम केले. गेल्या महिन्यात तिचे पुन्हा पत्र आले. आता तिच्या स्वतःच्या नावाने काम येते, इतके की एकटीला पुरे होत नाही. कॉलेजातील दोन मैत्रिणींना तिने मदतीला घेतले आहे आणि एजन्सी म्हणून नोंद करण्याचा विचार आहे. त्या दोघींना किती द्यावे, असे तिने विचारले होते. मी उलट टपाली लिहिले की, तुला ग्राहकाकडून काय मिळते ते आधी त्यांना सांग, आणि मग तिघींनी मिळून दर ठरवा.